गॅस कमी आला म्हणून घास वाढवू नका

बायोगॅसची टाकी बिघडते तेव्हा बहुतेक वेळा सुरुवात एकाच वाक्याने होते: "गॅस कमी यायला लागला, म्हणून थोडा जास्त कचरा घातला." त्यानंतर दोन दिवस टाकी चांगली फुगते, गॅस भरपूर दिसतो, पण शेगडी काही पेटत नाही. मग आणखी माल जातो. आठवड्याभरात झाकण उघडावं तर नाक धरायची वेळ येते. आतला काला, म्हणजे माल आणि पाण्याचं मिश्रण, आंबून गेलेला असतो. टाकी उपाशी नव्हतीच, तिला अजीर्ण झालं होतं.

शेणावर चालणारं संयंत्र अशा पुष्कळ चुका पोटात घालतं. शेण म्हणजे जनावराने आधीच चावून, भिजवून, अर्धंमुर्धं पचवून दिलेला माल. मिथेन करणारे सूक्ष्मजीव त्यात असतात आणि आम्लता आवरून धरणारे क्षारही असतात. ओला कचरा, गवत, पाला, पेंढा यांत यातलं जवळजवळ काहीच नसतं. म्हणून शेणाचे नियम जसेच्या तसे या मालाला लावले की फसगत होते. पुढचं सगळं लिहिलंय ते अशा वनस्पतिजन्य मालावर टाकी चालवणाऱ्यांसाठी.

आत नक्की काय चालतं

हवा नसलेल्या टाकीत कुजण्याचं काम चार टप्प्यांत होतं. आधी पिष्ट, प्रथिनं, चरबी, सेल्युलोज यांचे लांब रेणू पाण्यात विरघळतील इतके तुटतात. मग त्यांची आम्लं होतात. या आम्लांपासून मुख्यतः ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनतात आणि शेवटी यांच्यापासून मिथेन. हा शेवटचा टप्पा पार पाडणारे सूक्ष्मजीव जीवाणूसुद्धा नव्हेत. ते आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले, हवा लागली की मरगळणारे आणि चिखलात मुरलेले. अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली माजोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून जो जळणारा वायू गोळा केला, तो यांचीच करणी.

यातली मेख वेगात आहे. आम्ल करणारी मंडळी काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणाऱ्यांना तेवढ्यासाठी कित्येक दिवस लागतात. शिजलेलं पिठूळ अन्न, साखर, पिकलेली फळं एकदम जास्त पडली की पहिल्या गटाची चंगळ होते, आम्लाचा ढीग लागतो आणि दुसरा गट त्याखाली गाडला जातो. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; तो उतरला की आम्लता वाढली) ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असेल तर काम नीट चालतं. तो ६.५ च्या खाली गेला की मिथेन करणारे हात आखडतात, आम्ल खाल्लं जात नाही, मग सामू आणखी उतरतो. हा जिना एकदा उतरायला लागला की आपोआप थांबत नाही.

तापमानाचंही तसंच. ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला काम उत्तम चालतं, २५ ला बरं, २० च्या खाली रडतखडत आणि १५ च्या खाली जवळजवळ बंद. ५० ते ५५ अंशांवर उष्णताप्रिय जाती आणखी वेगाने काम करतात, पण त्या नाजूक असतात आणि टाकी तापवत ठेवावी लागते. घरगुती टाकीत त्या फंदात पडू नये. नेमक्या आकड्यापेक्षा तो स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. दिवसात दोन-तीन अंशांपेक्षा मोठी उडी या जिवांना सोसत नाही. त्यामुळे थंडीत गार पाणी ओतण्यापेक्षा कोमट पाण्यात माल कालवावा आणि गारठा वाढला की घास निम्मा करावा.

कोणत्या मालातून किती गॅस

एक किलो ताज्या शेणातून साधारण ३५ ते ४० लिटर गॅस मिळतो. एक किलो खरकट्यातून, टाकी नीट मुरलेली असेल तर, ९० ते १२० लिटर. कारण साधं आहे: शेणातलं सोपं अन्न जनावराने आधीच काढून घेतलेलं असतं. तेल-तुपाचा अंश असलेल्या मालातून वजनाच्या मानाने आणखी जास्त गॅस निघतो, पण चरबीची लांब साखळीची आम्लं सूक्ष्मजीवांच्या अंगावर थर धरतात आणि टाकीत फेस चढतो. ताटाला लागलेलं तेल चालेल. वापरलेल्या तेलाचा डबा टाकीत ओतणं चालणार नाही.

कार्बन आणि नायट्रोजन यांचं प्रमाण २० ते ३० ला १ असावं असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते बरोबर आहे. शेण त्या पट्ट्यातच बसतं. गव्हाचं काड ८० च्या पुढे जातं, लाकडाचा भुसा तर शेकड्यांत. कोंबड्यांची विष्ठा १० च्या आसपास. फक्त विष्ठा किंवा प्रथिनांनी भरलेला माल घातला की अमोनिया साठतो. एका लिटरमागे तीन ग्रॅमच्या पुढे अमोनिया-नायट्रोजन गेलं की मिथेनचं काम मंदावतं. तेव्हा सामू उलटा वर, आठाकडे सरकलेला दिसतो आणि नाकात झोंबणारा वास येतो. यावर औषध म्हणजे पाणी वाढवणं आणि काडासारखा कार्बनी माल थोडा मिसळणं.

पण हे प्रमाण कागदावर जुळवून निर्धास्त होऊ नका. भुशातला कार्बन हिशेबात असतो, टाकीच्या उपयोगाचा नसतो. लाकूडपणा ज्याने येतो ते लिग्निन हवेविना पचत नाही. ते स्वतः पचत नाहीच, वर सेल्युलोजला मिठी मारून बसतं आणि त्यालाही पचू देत नाही. म्हणून फांद्या, भुसा, नारळाची शेंडी, वाळलेली जाड पानं टाकीत घालण्यात अर्थ नाही. ती कंपोस्टात जावीत, तिथली बुरशी हवेच्या मदतीने लिग्निन फोडते.

गवत, हिरवा पाला, भाजीचे देठ यांचं जमतं, पण तयारी लागते. पहिली गोष्ट म्हणजे कुट्टी. एक-दोन सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडा एकमेकांत गुंततो आणि वर तरंगून चटई विणतो. दुसरी गोष्ट भिजवण. वाळकं काड मेणचट असतं आणि त्याच्या पोकळीत हवा असते, म्हणून ते बुडतच नाही. टाकीतून बाहेर पडलेल्या काल्यात ते चार-पाच दिवस बुडवून ठेवलं की मऊ पडतं, हवा निघून जाते आणि सूक्ष्मजीव आधीच चिकटतात. साध्या पाण्यापेक्षा हा काला कितीतरी चांगला, शिवाय फुकटचा. जलपर्णीचं प्रकरण वेगळं. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ढीगभर वनस्पतीतून हाती फार थोडं लागतं. पाणी मोजून कमी घालावं आणि देठ ठेचूनच टाकावेत, कारण ते देठ म्हणजे निसर्गाने बनवलेले तराफेच.

गवत किंवा मका एकाच हंगामात मिळत असेल आणि टाकी वर्षभर चालवायची असेल तर मुरघास करावा. पीक ओलसर असतानाच, म्हणजे कोरड्या भागाचं प्रमाण २८ ते ३५ टक्के असताना कापायचं, कुट्टी करायची, थराथराने तुडवत हवा काढायची आणि प्लास्टिकखाली घट्ट झाकायचं. लॅक्टिक आम्ल तयार होऊन माल टिकतो. निदान सहा आठवडे तो उघडू नये. मोठ्या संयंत्रांत मक्याच्या एक टन मुरघासातून २०० घनमीटरच्या आसपास गॅस धरतात, त्यात मिथेन पन्नाशीच्या थोडं वर. जर्मनीत हजारो संयंत्रं मुख्यतः याच मालावर उभी राहिली. अन्न पिकवणारी जमीन गॅसला वळवावी का, हा वाद तिथे अजूनही आहे आणि तो रास्त आहे. मला विचाराल तर आधी जे वाया जातंय ते टाकीत जावं. मुद्दाम पेरण्याची पाळी त्यानंतरची.

लिंबूवर्गी फळांच्या सालींत लिमोनीन असतं, ते मिथेन करणाऱ्यांना मारक. थोड्या साली चालतात, रस काढून उरलेला टोपलाभर चोथा नाही. अंड्याची टरफलं, हाडं, माती, वाळू पचत नाहीत, तळाशी बसून जागा खातात. भांडी धुतलेलं साबणाचं पाणी, जंतुनाशकं, फरशी पुसलेलं पाणी टाकीजवळ फिरकूसुद्धा देऊ नये. प्रतिजैविकांचा उपचार चालू असलेल्या जनावराचं शेणही त्या दिवसांत वगळावं.

टाकीचा हिशेब

हिशेब करायचा तो किलोचा नाही, त्यातल्या पचणाऱ्या कोरड्या भागाचा. खरकट्यात साधारण २० टक्के भाग असा असतो. न ढवळलेल्या, न तापवलेल्या टाकीला एका घनमीटर काल्यामागे दिवसाला एक किलो पचणारा भाग सुखाने झेपतो. दोन किलो म्हणजे कडेलोटाच्या जवळ.

एक हजार लिटरची टाकी घ्या. ओव्हरफ्लोच्या नळापर्यंत तिच्यात ८५० लिटर काला मावतो. रोज ४ किलो खरकटं घातलं तर पचणारा भाग ८०० ग्रॅम, म्हणजे घनमीटरमागे जेमतेम ९५० ग्रॅम. ठीक. त्यात ८ लिटर पाणी घातलं की रोज १२ लिटर काला आत जातो आणि तेवढाच बाहेर पडतो, म्हणजे माल आत ७० दिवस राहतो. उबदार हवेत ३० ते ४० दिवस पुरतात, तेव्हा इथे भरपूर मोकळीक आहे. गॅस सुमारे ४०० लिटर. मध्यम शेगडी तासाला ३५० लिटर खाते, म्हणजे तासाभराहून थोडा जास्त जाळ. एका घनमीटर गॅसमधली ऊर्जा साधारण साडेचारशे ग्रॅम एलपीजीइतकी, यावरून या चार किलोंची किंमत लक्षात येईल. एवढ्याशा टाकीवर अख्ख्या घराचा दिवसभराचा स्वयंपाक होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून आधी हा हिशेब मांडून घ्या.

पाणी किती, यावर बरेच वाद होतात. पिठूळ खरकट्याला दुप्पट पाणी, ताज्या शेणाला समभाग, भाजीच्या देठांना त्याहून कमी. काला पातळ ताकासारखा वाहिला पाहिजे. फार पातळ केला तर जड माल खाली, हलका वर आणि मधे नुसतं पाणी अशी फाळणी होते. बाहेर पडलेला काला गाळून पाण्याऐवजी परत वापरता येतो, पण निम्म्याहून जास्त नको, नाहीतर अमोनिया आणि मीठ साठत जातं.

जोडणी

तरंगत्या टाकीचा प्रकार घरासाठी सर्वात समजूतदार, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो. बाहेर १,००० लिटरची टाकी, आत उलटी घातलेली ७५० लिटरची, गॅस साठला की वर उचलली जाणारी. माल घालायचा नळ ११० मिलिमीटरचा, तळापासून २५ सेंटिमीटरवर संपणारा. त्याहून बारीक नळ महिन्याभरात तुंबतो. बाहेर जाणारा नळ समोरच्या बाजूला, नाहीतर आज घातलेला माल आजच बाहेर पडतो. तळाशी गाळ काढायला ६३ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह हवाच. तो "नंतर बसवू" म्हणून टाळला की पुढे गाळ काढायला पूर्ण टाकी रिकामी करावी लागते.

दोन टाक्यांमधल्या फटीतून थोडा गॅस निसटतच असतो. फट जितकी अरुंद तितकं बरं, पण आतली टाकी अडकता कामा नये. फटीत डास होतात, त्यावर जाळी घालावी.

आता दाब. प्लास्टिकची रिकामी टाकी हलकी असते आणि इथेच कित्येकांची ज्योत मार खाते. आतल्या टाकीचा व्यास ९० सेंटिमीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ६,३६० चौरस सेंटिमीटर. शेगडीला निदान ८ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब हवा, तर तिच्यावर एकूण ५१ किलो भार पाहिजे. टाकीचं स्वतःचं वजन १५ किलो धरलं तर उरलेले ३६ किलो वरून द्यावे लागतात. विटा किंवा वाळूच्या पिशव्या कडेने सारख्या मांडाव्यात, एका बाजूला भार गेला की टाकी कलते आणि गॅस बुडबुड करत निघून जातो.

दाब मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा बाक करून त्यात रंगीत पाणी भरायचं, एक टोक गॅसच्या नळाला, दुसरं उघडं. दोन्हीकडच्या पाण्यातलं अंतर म्हणजे दाब. नळीची उंची बेताची ठेवली तर दाब फाजील वाढल्यावर पाणी उडून गॅस बाहेर पडतो, म्हणजे तीच सुरक्षेची झडपही होते. अर्थात ती उघड्यावरच असावी.

गॅस टाकीतून निघतो तेव्हा वाफेने भिजलेला असतो. नळात गारवा लागला की पाणी होतं आणि नळाच्या पोटात साचून रस्ता अडवतं. ज्योत भकभक करते, लहानमोठी होते, आणि दोष मात्र शेगडीला दिला जातो. नळाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्यावा आणि सर्वात खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून, पाण्यात बुडलेली उभी नळी किंवा एक छोटा व्हॉल्व्ह लावून पाणी काढायची सोय करावी. बुडालेल्या नळीची लांबी दाबापेक्षा दुप्पट तरी हवी.

एलपीजीची शेगडी तशीच जोडली तर टिचभर ज्योत मिळते. तिचं जेट, म्हणजे गॅस सुटायचं छिद्र, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, कारण एलपीजीचा दाबही जास्त आणि दर लिटरमधली ऊर्जाही कितीतरी पट. ८ सेंटिमीटर दाबाला २ मिलिमीटरचं छिद्र तासाला साडेतीनशे लिटरच्या आसपास गॅस सोडतं, तेव्हा तिथून सुरुवात करावी. भोक एकदम मोठं करू नका, वाढवता येतं, घटवता येत नाही. बायोगॅस जळायला एका भागाला साधारण पावणेसहा भाग हवा लागते आणि तो सावकाश जळतो. ज्योत बर्नरवरून उचलून विझत असेल तर हवेची खिडकी थोडी मिटवावी, तरी भागलं नाही तर दाब कमी करावा. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी.

विरजण लावताना

नवी टाकी सुरू करताना घाई करणाऱ्याची पुढची सहा महिने फजिती होते. ताजं शेण २०० किलो, दगड-काड्या काढून पाण्यात नीट कालवून ओतावं आणि वर पाणी भरून पातळी ओव्हरफ्लोला आणावी. क्लोरीन असलेलं नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरावं. चालू टाकीतला काला मिळाला तर शंभर-दीडशे लिटर घालावा, त्याच्यासारखं विरजण नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचंच शेण घ्यावं, त्याच्या पोटात ही मंडळी आधीपासून राहत असतात.

मग थांबायचं. ३० अंशांच्या वर दोन-तीन आठवडे, गारव्यात त्याहून जास्त. या काळात खरकटं अजिबात नाही. आतली टाकी प्रथम वर येते तो गॅस जळत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइडच जास्त. तो उघड्यावर, आगीपासून दूर सोडून द्यावा. तो पेटवून पाहण्याचा मोह धोक्याचा आहे: हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळलं की स्फोटक मिश्रण होतं आणि पहिल्या भरणीत नेमकं तेच असू शकतं. दुसरी किंवा तिसरी भरणी निळी जळते.

ज्योत स्थिर झाली की रोज अर्धा किलो खरकटं, आठवडाभर. मग एक किलो, मग दीड, असं करत ४ किलोंवर यायला दीड-दोन महिने लागू द्यावेत. रोज ठरावीक वेळी थोडं घालणं हे आठवड्यातून एकदा भरपूर घालण्यापेक्षा केव्हाही चांगलं. चार दिवस बाहेर गेलात तर टाकीला काही होत नाही. परत आल्यावर चार दिवसांचा माल एकदम ओतलात तर होतं.

आजार ओळखणं

आम्लता वाढतेय हे सामूच्या कागदाला सर्वात शेवटी कळतं, कारण क्षार संपेपर्यंत आकडा हलत नाही. त्याआधी गॅसमधला कार्बन डायऑक्साइड वाढतो. हे मोजायची सोपी युक्ती आहे. ६० मिलीच्या सिरिंजमध्ये ३० मिली गॅस घ्या, त्यातच २० मिली कॉस्टिक सोड्याचं १० टक्के द्रावण ओढा, तोंड बंद करून मिनिटभर हलवा. मग टोक द्रावणात बुडवून उघडा. कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने द्रावण आत चढतं आणि उरतं ते बहुतांशी मिथेन. ३० पैकी १८ मिली उरला तर ६० टक्के, झकास. १५ च्या खाली आला की घास थांबवा, कागद काहीही म्हणो. द्रावण कातडी आणि डोळे जाळतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लागतोच.

आंबलेल्या टाकीवर पहिला उपाय उपास. दोन आठवडे काही घालायचं नाही. सामू ६.५ च्या खाली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, ८५० लिटरला एकूण एक किलो, पण चार दिवसांत विभागून. चुना स्वस्त म्हणून लोक तो टाकतात, त्यात एक खोच आहे. चुना गॅसमधला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याची चुनखडी होऊन तळाशी बसते आणि दाब एकदम उतरतो. घुमटाच्या बंद टाकीत तर आत पोकळी तयार होऊन हवा ओढली जाऊ शकते. सोड्याने हे होत नाही. त्यानंतर शेणाच्या दोन-तीन बादल्या आणि पुन्हा अर्ध्या किलोपासून सुरुवात.

एक दुखणं मात्र भल्याभल्यांना चकवतं. टाकी सहा-आठ महिने नुसत्या खरकट्यावर किंवा नुसत्या मक्यावर उत्तम चालते आणि मग कारण नसताना आंबायला लागते. घास तोच, तापमान तेच. इथे कमी पडलेली असतात ती सूक्ष्म द्रव्यं: निकेल, कोबाल्ट, मॉलिब्डेनम, सेलेनियम, लोह. मिथेन बनवणाऱ्या विकरांना ती लागतात. शेणातून ती येत राहतात, वनस्पतिजन्य मालात काही फार कमी असतात आणि सुरुवातीच्या शेणातला साठा ओव्हरफ्लोतून हळूहळू वाहून जातो. आठवड्यातून एक बादली शेण घातलं तरी हे टळतं. सोडा टाकून आकडा सुधारतो, आजार तसाच राहतो.

वर आलेली घट्ट चटई फोडायला आतली टाकी रोज थोडी फिरवावी. आतून दोन-तीन आडव्या पट्ट्या लावलेल्या असतील तर फिरवतानाच ढवळलं जातं. थर वाळून कडक झाला की गॅस खालीच अडकतो, तेव्हा तो फोडावा, पण वरून पाणी ओतत बसू नये.

वास, गंज आणि जीव

सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. तांबं-पितळ तो खातो, इंजिनाचं तेल नासवतो. लोखंडाचा गंजलेला कीस भरलेल्या नळकांड्यातून गॅस नेला की सल्फाइड लोखंडाला चिकटतं. वापरलेला कीस हवेत उघडा केला की पुन्हा ऑक्साइड होतो आणि तापतो, कधी पेटही घेतो. त्यामुळे तो ओला करूनच बाहेर काढावा, मोकळ्या जागी पसरावा.

वासावर भरवसा ठेवू नका. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. काही शे पीपीएम जीव घेतात. रिकाम्या केलेल्या टाकीत किंवा खड्ड्यात कुणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये, आणि आत पडलेल्याला वाचवायला तर मुळीच नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी याच रीतीने जातो. गाळ बाहेरूनच, पंपाने किंवा खालच्या व्हॉल्व्हने काढावा.

गळती साबणाच्या पाण्याने शोधावी, काडी पेटवून कधीही नाही. शेगडीआधीच्या नळात बारीक तांब्याच्या किंवा स्टेनलेस जाळीच्या चार-पाच चकत्या दाबून बसवल्या की ज्योत मागे टाकीकडे धावत नाही. तांब्याची जाळी सल्फाइडने काळी पडते, वर्षाने बदलावी. आणि जादा गॅस हवेत सोडण्यापेक्षा जाळून टाकावा. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. गळकी टाकी पर्यावरणासाठी टाकी नसण्यापेक्षा वाईट.

सिलिंडरात भरता येईल का

हा प्रश्न हटकून येतो. एलपीजी थोड्या दाबाला द्रव होतो, म्हणून तो पातळ पत्र्याच्या सिलिंडरात मावतो. मिथेन उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. तो वायूरूपातच २०० बारच्या पुढे दाबावा लागतो, त्याआधी कार्बन डायऑक्साइड, सल्फाइड आणि पाणी काढून मिथेन नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर न्यावा लागतो आणि सिलिंडरही त्याच ताकदीचा हवा. मोठ्या संयंत्राला हे परवडतं. घरी कॉम्प्रेसर लावून जुन्या सिलिंडरात भरण्याचे जे व्हिडिओ फिरतात, ते पाहून हात लावू नये. साठवायचाच असेल तर कमी दाबाचा फुगा वापरावा, उन्हापासून आडोसा करून.

वीज करायची तर लहान इंजिनातून एका घनमीटरमागे दीड युनिट, फार तर दोन. आपल्या त्या ४०० लिटरांतून अर्ध्या-पाऊण युनिटाच्या पलीकडे काही मिळणार नाही. इतक्या छोट्या टाकीचा गॅस शेगडीतच जावा.

बाहेर पडणाऱ्या काल्यात नायट्रोजन, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळं शाबूत असतं. गॅसमधून मुख्यतः कार्बनच जातो. उलट नायट्रोजनचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात आलेला असल्याने पिकाला चटकन लागू पडतो आणि तितक्याच चटकन उन्हात उडूनही जातो. म्हणून तो संध्याकाळी, तिप्पट-चौपट पाण्यात, मुळांजवळ देऊन लगेच मातीआड करावा. साध्या तापमानाच्या टाकीत रोगजंतू कमी होतात, संपत नाहीत. ७० अंशांवर तासभर तापवलेला नसेल तर कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर हा काला शिंपडू नये.